ऐंशी टोकं आणि एक बंद पाकीट

काचताईचा सूड आईच्या बटणांच्या डब्यात होता.

पत्र्याचा डबा. वर बटणं, खाली हुक, त्याखाली मेणकागदात गुंडाळलेलं एक पाकीट. नऊ वर्षं बंद. चिकटवलेल्या झापेवर दोन सह्या होत्या, अर्ध्या झापेवर, अर्ध्या पाकिटावर. कुणी उघडलं तर सह्या फाटल्याच पाहिजेत. एक सही काचताईची. दुसरी सरांची.

आई आयुष्यभर लोकांचे कपडे शिवत आलेली. बटण शोधायला डबा उपसला की पाकीट हाताला लागायचं आणि ती चष्म्यावरून लेकीकडे बघायची.

"हे मढं अजून किती दिवस उशाला घेऊन बसणार आहेस?"

"पिकू दे, आई."

"पिकतंय का कुजतंय ते तरी बघ एकदा उघडून."

काचताई उघडत नव्हती. का, ते पुढे येईल.

आधी काम काय होतं ते

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर उंदीर राहत आणि पहिल्या मजल्यावर उंदरांवर जगणारी माणसं. त्या माणसांचे प्रमुख म्हणजे सर. पाठीमागे त्यांना सगळे बोका म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं.

ज्या पेशींपासून शुक्राणू तयार होतात, त्यांना विभागण्याआधी एक अवघड काम उरकावं लागतं. उंदराच्या अशा पेशीत चाळीस गुणसूत्रं, वीस आईकडची, वीस बापाकडची. प्रत्येकाने आपला जोडीदार शोधायचा. गर्दीत, अंधारात, डोळे नसताना. मग ती काय करतात, तर आपली टोकं केंद्रकाच्या भिंतीला आतून बांधून घेतात. भिंतीत एक प्रथिन रुतलेलं असतं. पहिल्या मजल्यावर त्याला खुंटी म्हणत. दुसरं प्रथिन गुणसूत्राचं टोक पकडून खुंटीला अडकवतं. त्याला गाठ म्हणत. भिंतीबाहेरचे दोर खुंट्यांना ओढत फिरवतात, खुंट्यांबरोबर टोकं फिरतात, फिरत फिरत सगळी एका बाजूला गोळा होतात, मुठीत देठ धरलेल्या फुलांसारखी. त्या दाटीत ज्याचं त्याला भेटतं. टोक सुटलं तर जोडीदार नाही. जोडीदार नाही तर पेशी मरते, आणि उंदराला पिल्लं होत नाहीत.

काचताईने हे एकदा आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "यात शोध कसला? दोऱ्याचं टोक पकडल्याशिवाय पहिला टाका घालू नये, हे मला सातव्या वर्षी कळलं. मार खाऊन."

खुंटी सरांनी शोधलेली. त्यांचं सगळं नाव त्या एका खुंटीवर टांगलेलं. पुढचा प्रश्न असा होता: खुंटी काढून घेतली तर किती टोकं सुटतात? आणि गाठ काढून घेतली तर किती? त्यासाठी तीन प्रकारचे उंदीर होते. खुंटी नसलेले, गाठ नसलेले, आणि धडधाकट.

पेशी काचेवर बसवायचं काम काचताईचं. बाकीचे लोक पेशी काचेवर चापट करत. दिसायला सुबक, पण चापट केली की भिंत कुठली आणि मध्य कुठला तेच कळत नाही. मग टोक भिंतीला आहे का सुटलंय हे सांगणार कसं? काचताई पेशी गोल ठेवायची. दाबायची नाही, घाई करायची नाही, श्वास रोखून थेंब सोडायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका थरातून उतरत टोकं मोजायची. एका पेशीत ऐंशी, प्रत्येक गुणसूत्राची दोन. एका पेशीला नऊ मिनिटं.

आणि मोजणाऱ्याला काच कुठल्या उंदराची हे कळता कामा नये. कळलं की डोळा लबाडी करतो. म्हणून पिंजरे सांभाळणारे पिंजरेकाका काचांना टोपणनावं द्यायचे, कुठलं नाव कुणाचं ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचे. पाकिटावर मोजणाऱ्याची आणि प्रमुखांची सही. पाकीट मोजणाऱ्याकडे. मोजणी संपल्याशिवाय उघडायचं नाही. काका गमत्या माणूस होता. त्या वेळी त्याने नावं दिली होती मावशी, आत्या आणि काकू.

मोजणीच्या वहीतून

काकू: सुटलेली टोकं दोन. एक. शून्य. तीन. एक.

आत्या: अडतीस. एक्केचाळीस. चाळीस. सदतीस.

मावशी: अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. एकोणऐंशी. ऐंशी. (इथे समासात काचताईने पेन्सिलने लिहिलंय: बिचारी.)

फोन, इस्पितळाच्या जिन्यात

"मावशी कोण गं?"

"सर, आईला आत नेलंय. कमरेचं ऑपरेशन—"

"होईल ते व्यवस्थित. मावशी कोण, आत्या कोण, एवढंच सांग. पिंजरेकाका तर गेले बिचारे, नाहीतर तुला त्रास दिला नसता."

"मला तरी कुठे माहीत आहे? पाकीट बंद आहे. दोनशे पेशी राहिल्यात. मी तीन आठवड्यांत येते, मोजते, मग तुमच्यासमोर उघडू."

"बरं, बरं. आईला जप."

तीन आठवड्यांनी

काचांची पेटी रिकामी होती. वही नव्हती. शोधनिबंध छापायला गेला होता, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात काचताई होती: काचा बनवण्यात मदत केल्याबद्दल आभार.

ती सरांच्या खोलीत गेली. हे काम तिच्या पदवीचं असेल असं त्याच खोलीत ठरलं होतं.

"सर, पाकीट माझ्याकडे आहे. मग तुम्हाला कळलं कसं?"

"त्यात कळायचं काय? मावशीची सगळी टोकं सुटलीत. म्हणजे ती खुंटी नसलेली. खुंटीशिवाय काही टिकत नाही, शेंबडं पोरही सांगेल."

"आणि आत्या?"

"गाठ नसलेली. तरी निम्मी टोकं टिकलीत! म्हणजे कुठेतरी दुसरी गाठ असणार. केवढा मोठा शोध आहे, कळतंय का तुला?"

"पण हा अंदाज झाला, सर. आणि माझी पदवी?"

सरांनी चष्मा पुसला. "मोजणं म्हणजे काम नव्हे, बाई. विचार करणं म्हणजे काम."

काचताईने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं. तेव्हा मिटलं ते मिटलंच. तिने तळमजल्यावरच्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बदली मागून घेतली. काळे पडदे, पंख्याची घरघर, येणाऱ्याजाणाऱ्याला यंत्र लावून द्यायचं. पाकीट बटणांच्या डब्यात गेलं.

आता ते का उघडलं नाही. उघडलं आणि सरांचा अंदाज बरोबर निघाला तर? नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर पडतं. मग हातात काय उरणार, एका हावरट माणसाचं नशीब? बंद होतं तोवर ते पाकीट सुरुंग होता. उघडलं तर कदाचित नुसता कागद.

आणि दुसरं म्हणजे, घाई काय? बोका चढतोय ना, चढू दे. जेवढा उंच, तेवढा...

सात वर्षं

सर चढले.

दुसऱ्या गाठीच्या शोधात तीन विद्यार्थी आले आणि केस पिकवून गेले. ते खास उंदीर फक्त सरांकडेच होते आणि सर कुणाला देत नव्हते, त्यामुळे बाहेरून कुणी तपासायचा प्रश्न नव्हता.

चौथी आली ती शेपटी. केस घट्ट ओढून बांधायची, आणि दिवसभर उंदरांच्या शेपटीचे तुकडे तपासून कुठला उंदीर कुठल्या प्रकारचा ते ठरवायची. दोन्ही कारणांनी नाव चिकटलं. काचताईला ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण तिने विचारलं, "ताई, पेशी चापट का नाही करायच्या?" आणि उत्तर ऐकून घेतलं. काचताईने तिला थेंब कसा सोडायचा ते शिकवलं. हे दुसऱ्या कुणाला शिकवलं नव्हतं.

तीन वर्षं शेपटीला दुसरी गाठ सापडली नाही. मग वैतागून तिने मुळापासून मोजायला घेतलं. खुंटी नसलेले उंदीर: निम्मी टोकं सुटलेली. गाठ नसलेले: सगळी.

"ताई, हे उलटं आलंय," ती म्हणाली. "सरांच्या निबंधाच्या बरोबर उलटं. दुसरी गाठ नाहीच आहे. असलीच तर दुसरी खुंटी आहे. माझं डोकं फिरलंय का डोळे?"

सात वर्षांनी सुरुंगाची वात दिसली होती. बोक्याचा अंदाज चुकला होता!

तिने फक्त एवढं म्हटलं, "परत मोज."

शेपटीने परत मोजलं. मग आणखी एकदा. दोन वर्षं गेली त्यात. सरांनी प्रत्येक वेळी सांगितलं की तू पिंजरे बदललेस.

भाषण: काही मसुदे

सरांचा सत्कार ठरला. शनिवारी, मोठ्या सभागृहात. मागे पडद्यावर त्यांचं ते प्रसिद्ध चित्र, म्हणजे मावशी, दारापेक्षा मोठी करून.

पहिला मसुदा. "मान्यवर हो, आनंदाच्या प्रसंगी दोन शब्द बोलायची परवानगी..."

दुसरा. "सर, मागचं चित्र कुणाचं आहे ते मोठ्याने सांगाल का? मग मी हे पाकीट उघडते."

तिसरा. "बोक्या."

चौथ्यात ती काही बोलतच नाही. फक्त चालत व्यासपीठावर जाते, पाकीट देते आणि त्यांच्या हातांकडे बघत उभी राहते. हा तिला सगळ्यात आवडला. भांडी घासताना तिने त्याची बऱ्याचदा तालीम केली.

आईने तिच्या कोटाला आतून खिसा शिवून दिला, पाकिटाच्या मापाचा. दोरा दाताने तोडत म्हणाली, "आणि त्या पोरीचं काय? शेपटी का काय ती."

"तिचंही भलंच होईल यात."

"शनिवारी?"

"शनिवारी."

"आणि तोपर्यंत?"

काचताईने कोट घालून पाहिला. पाकीट बरगडीला लागत होतं. तिने तो काढलाच नाही.

एक पत्र, सरांनी टाइप केलेलं, खाली सहीची जागा मोकळी

मी लिहून देते की माझ्या तिन्ही मोजण्यांत पिंजऱ्यांची अदलाबदल झाली. मी नीट मोजलं नाही. माझे निष्कर्ष मी मागे घेत आहे आणि स्वखुशीने संस्था सोडत आहे.

गुरुवार, सकाळी अकरा

सरांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एकीत सर, दुसरीत शेपटीचं काम तपासायला बाहेरून आलेल्या परीक्षकबाई, तिसरीत शेपटी, रडून झालेली. काचताईला बोलावलं होतं ते सूक्ष्मदर्शकात दोष नव्हता एवढं सांगायला. तिने ते सांगितलं. आता जायचं होतं. शनिवार दोन दिवसांवर होता.

शेपटीने पेन उचललं.

"काय लिहिलंय ते वाचून सही कर हो," परीक्षकबाई म्हणाल्या. "नंतर म्हणशील, कळलं नव्हतं."

शेपटीने वाचलं, मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसं. "माझ्या तिन्ही मोजण्यांत पिंजऱ्यांची अदलाबदल झाली. मी नीट मोजलं नाही."

खरं सांगायचं तर काचताईला त्या क्षणी पोरीची दया आली नव्हती. ती पुढे कधीतरी यायची होती. त्या क्षणी तिला फक्त राग आला. तिने शिकवलेली पोरगी, नऊ मिनिटांना एक पेशी मोजणारी, त्या माणसासमोर म्हणते मी नीट मोजलं नाही!

"नीट मोजलंय तिने," काचताई म्हणाली.

"तू जा आता," सर म्हणाले.

"जाते. पण सर, एकदा तुम्हीच मोजा की. तिच्याच काचा. तीन काचा, तीन-तीन पेशी. एवढ्यात कळेल कोण चुकलं ते."

"मी? मोजू?"

"का? येत नाही?" परीक्षकबाईंनी विचारलं. साधाच प्रश्न होता, पण सर उठले.

तळमजल्यावर काचताईने तीन काचांवरची नावं पट्टीने झाकली आणि नवी लिहिली: सासू, नणंद, जाऊ. चिठ्ठी परीक्षकबाईंच्या पर्समध्ये गेली. मग तिने सरांसाठी खुर्ची ओढली. खाली, अगदी खाली, तिच्या स्वतःच्या उंचीला लावलेली.

नऊ पेशी. सरांना दोन तास लागले. काचताई मागे उभी होती. सरांची मान अवघडताना तिने पाहिली, त्यांनी एकदा "बहात्तर, त्र्याहत्तर..." म्हणता म्हणता आकडा हरवला आणि पहिल्यापासून सुरू केलं, ते पाहिलं. सभागृह नव्हतं, टाळ्या नव्हत्या, पण हे चौथ्या मसुद्यापेक्षा चांगलं होतं.

"नणंद," शेवटी सर पाठ सरळ करत म्हणाले. "सगळी टोकं सुटलेली. एकोणऐंशी, ऐंशी, ऐंशी. ही माझी खुंटी नसलेली. मी डोळे मिटून सांगतो."

"उघडे ठेवूनच सांगितलंत ते बरं झालं," परीक्षकबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी उघडली. "नणंद: गाठ नसलेली."



"तेच तर म्हणतोय मी," सर हसले. "हिने पिंजरे बदललेत."

"शेपट्या तपासल्यास ना गं?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"तीनदा," शेपटी म्हणाली.

"हे आजकालचं नाहीये," काचताई म्हणाली, आणि आईने शिवलेल्या खिशात हात घातला.

सरांनी आधी पाकीट ओळखलं नाही. मग स्वतःची सही ओळखली. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त कसं उतरतं ते काचताईने थरांतून उतरत असल्यासारखं पाहिलं. कपाळ, गाल, ओठ. काही सुटू दिलं नाही.

"ही तुमचीच सही?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"ते जुनं... काकांनी काहीतरी..."

"तुमचीच का?"

"हो."

झाप फाटली. आत पिंजरेकाकांचं तिरपं अक्षर. मावशी: गाठ नाही. आत्या: खुंटी नाही. काकू: धडधाकट, जपा तिला.

काचताईने जुन्या संगणकावरचे फोटो लावले. प्रत्येक काचेचा पहिला फोटो ती काचेच्या कडेवरच्या नावाचा घ्यायची, ही तिची जुनी सवय. पडद्यावर आलं: मावशी, सात. त्याच्या पुढचाच फोटो सरांचं प्रसिद्ध चित्र होता.

"पाकीट न उघडता छापलंत?" परीक्षकबाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, एखाद्याची नाडी सुटल्याचं सांगावं तसं.

"मोजणं म्हणजे काम नव्हे, बाई," काचताई म्हणाली. त्या बाईंना नव्हे. आणि सरांना ते कळलं.

शनिवारचा सत्कार प्रकृतीच्या कारणाने रद्द झाला. पुढे सरांच्या दारावरची पाटीही गेली. तिचे चार स्क्रू मात्र भिंतीतच राहिले.

त्याच गुरुवारी, सगळे गेल्यावर

शेपटी टेबलावरचं फाटकं पाकीट बघत होती.

"यावर तारीख आहे, ताई. नऊ वर्षांपूर्वीची."

"हं."

"सरांनी पाकीट न उघडता छापलंय, हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं."

"अंदाज बरोबर का चूक ते माहीत नव्हतं."

"आणि मी पहिली मोजणी घेऊन आले तेव्हा? दोन वर्षांपूर्वी? इथेच, या खुर्चीत. तेव्हा तर कळलं?"

काचताई पडदे सारखे करू लागली. ते सारखेच होते.

"तुम्ही म्हणालात, परत मोज."

"मला वाटलं, सभागृहात..."

"मी केस उपटत होते, ताई. घरी सांगितलं होतं की मला वेड लागतंय. आणि तुम्ही शनिवारची वाट बघत होतात."

शेपटीने आपल्या काचा पेटीत भरल्या, एकेक, कडेला धरून, काचताईने शिकवल्याप्रमाणे. दार लावून घेतलं. आपटलं नाही.

दीड वर्षाने

निबंध छापून आला. शेपटीचा, तिच्या एकटीच्या नावावर. गाठ गेली तर सगळं सुटतं. खुंटी गेली तर निम्मं टिकतं, कारण दुसरी खुंटी आहे, आणि ती कोणती तेही पोरीने शोधलं होतं.

काचताईने तो छापून घरी आणला. आई शिलाईयंत्रावर होती.

"तुझं नाव आहे का गं?"

"आहे."

"कुठे?"

"शेवटी." काचताईने कागद दिव्याखाली धरला आणि वाचलं. "काचा बनवण्यात मदत केल्याबद्दल आभार."

आईचा पाय थांबला. यंत्राचं चाक आणखी दोन फेरे फिरलं. ती ओळ तिलाही पाठ होती. नऊ वर्षं रोज घरात म्हटली गेली होती.

"अगदी तेच शब्द?"

"अक्षर न अक्षर."

"चांगली शिकवलीस पोरीला," आई म्हणाली, आणि पुन्हा शिवायला लागली.

काचताईने उठून बटणांच्या डब्यातलं आईचं भिंग काढलं, निबंधातलं पहिलं चित्र दिव्याखाली नीट सपाट केलं आणि पेन्सिलीच्या टोकाने सुटलेली टोकं मोजायला घेतली. दोनदा मोजली. अठ्ठ्याहत्तर.

चित्राखाली शेपटीने लिहिलं होतं, अठ्ठ्याहत्तर.